मातीखालच्या माणसाचे देणे

नाशिकच्या रामकुंडावर वर्षाचे बाराही महिने माणसे अस्थी घेऊन येतात. कोणी खानदेशातून, कोणी मराठवाड्यातून, कोणी पार मुंबईहून. फडक्यात बांधलेले ते लहानसे मडके छातीशी धरून पायऱ्या उतरणारा माणूस दिसला की आपण ख्रिस्ती माणसेही क्षणभर थबकतो. त्याचा विधी आपला नसतो. पण त्याच्या हाती काय आहे आणि ते तो इतके सांभाळून का धरतो, हे आपल्याला सांगावे लागत नाही. आपणही दफनभूमीत खड्ड्याच्या कडेला उभे राहून शवपेटीवर मूठभर माती टाकतो आणि मगच घराकडे वळतो.

ज्यांच्या हाती मडके येत नाही आणि मूठभर माती टाकायला ज्यांना खड्डाही मिळत नाही, त्यांचे काय? हा प्रश्न जुना आहे. देह सापडलाच नाही तर दर्भाचा किंवा पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याचे दहन करावे, अशी सोय हिंदू धर्मशास्त्राने करून ठेवली आहे. आपल्या ख्रिस्तसभेतही देह समोर नसताना मृतासाठी मिस्साबलिदान अर्पण करता येते. दोन्हीकडच्या पूर्वजांना हे दुःख परिचित होते, असाच याचा अर्थ. परंतु पुतळा किंवा प्रार्थना हा शोध संपल्यानंतरचा उपाय झाला. शोध किती करावा, कोणासाठी करावा आणि कोणी थांबवावा, हा त्याच्या आधीचा प्रश्न आहे. अलीकडच्या काळात तो प्रश्न एका मुक्या प्राण्याच्या रूपाने आपल्यासमोर नव्याने उभा राहिला आहे.

पोलिसांच्या श्वानपथकाशी आपली ओळख साधारणतः दोन प्रकारच्या कुत्र्यांपुरती असते. एक गुन्हेगाराचा माग काढणारा आणि दुसरा स्फोटके हुंगणारा. १९९३ च्या बॉम्बस्फोटांच्या वेळी मुंबई पोलिसांच्या ‘जंजीर’चे नाव घरोघरी झाले होते. आपल्या नाशिक शहर पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकातील ‘स्पाइक’ अकरा वर्षांच्या सेवेनंतर फेब्रुवारी २०२१ मध्ये निवृत्त झाला, तेव्हा त्याला फुलांनी सजविलेल्या मोटारीवर बसवून निरोप देण्यात आला. तिसरा प्रकार मात्र आपल्याकडे फारसा कोणाला ठाऊक नाही. त्या कुत्र्याला जिवंत माणूस शोधायचा नसतो आणि दारूगोळाही शोधायचा नसतो. तो मृत माणसाचा शोध घेतो. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याच्या पोलिसांनी १९७४ साली असा कुत्रा खास शिकवून कामाला लावला. आपल्या देशात केरळ पोलिसांनी ‘माया’ आणि ‘मर्फी’ ही बेल्जियन मॅलिनॉइस जातीची कुत्री या कामासाठी तयार केली.

या कुत्र्याचे शिक्षण पाहिले तर आश्चर्य वाटते, ते त्याच्या नाकापेक्षा त्याच्या संयमाचे. नाक तर निसर्गाने दिलेले आहे. माणसाच्या नाकात गंध टिपणाऱ्या पेशी पन्नास-साठ लाखांच्या आसपास, तर कुत्र्याच्या नाकात वीस कोटींच्या वर. प्राण गेल्यावर देहातून निरनिराळे वायू बाहेर पडू लागतात. त्यांत शेकडो रासायनिक द्रव्यांचे मिश्रण असते आणि ते दिवसागणिक बदलत जाते. काल मृत्यू पावलेल्याचा वास वेगळा आणि वर्षापूर्वी पुरलेल्या हाडांचा वेगळा. प्रयोगशाळेत तयार केलेली कृत्रिम द्रव्ये सरावासाठी मिळतात. पण त्यांत एक-दोनच सूर असतात, सारा मेळ नसतो. म्हणून खरे रक्त, दात, हाड अशा नमुन्यांवर कुत्र्याला वारंवार सराव द्यावा लागतो. मेलेले जनावर आणि मेलेला माणूस यांतील भेद त्याला कळला पाहिजे. वास सापडला की त्याने जमीन उकरायची नाही, तोंड घालायचे नाही. कारण त्या मातीत पुरावा असतो, आणि पुराव्याहूनही मोलाचे म्हणजे कोणाचे तरी माणूस असते. त्याने तेथे बसायचे किंवा भुंकायचे, एवढेच. मग त्याच्या हस्तकाने तेथे खूण करायची.

वास देहाच्या थेट वर येतोच असे नाही, हे आपल्याला चटकन लक्षात येत नाही. उतारावर तो पाण्याबरोबर खाली ओघळतो, वाऱ्याबरोबर दरीत उतरतो, खडकाच्या फटीतून भलतीकडेच वर येतो. चिकणमाती त्याला अडवून धरते. अशा वेळी जमिनीत लोखंडी सळईने भोके पाडतात, वास वर येईपर्यंत थांबतात आणि मग कुत्र्याला त्या भोकांवरून नेतात. पाण्यात बुडालेल्या देहाचा वास पृष्ठभागावर येतो. म्हणून नदीत कुत्र्याला होडीच्या नाळेवर बसवून संथपणे फिरवतात. कुत्रा थकतो, उन्हात त्याचे नाक कोरडे पडते. त्याला विश्रांती द्यावी लागते, पाणी पाजावे लागते, आणि त्याने दाखविलेली जागा शक्यतो दुसऱ्या कुत्र्याकडून तपासून घ्यावी लागते. पहिल्याने काय दाखविले, हे दुसऱ्याच्या हस्तकाला सांगायचे नसते.

ही शेवटची काळजी अनाठायी नाही. २०११ साली कॅलिफोर्नियातील संशोधकांनी अमली पदार्थ व स्फोटके शोधणाऱ्या अठरा कुत्र्यांची त्यांच्या हस्तकांसह परीक्षा घेतली. जागेत कोठेही काही ठेवलेले नव्हते; पण हस्तकांना मात्र काही ठिकाणी वास ठेवला आहे असे सांगितलेले होते. कुत्र्यांनी अनेकदा खोटी सूचना दिली, अन् ती विशेषेकरून हस्तकाला जेथे वास असावासा वाटत होता तेथे. कुत्रा खोटे बोलत नाही असे आपण सहज म्हणतो. ते खरेच आहे. परंतु दोरीच्या दुसऱ्या टोकाला माणूस असतो, आणि आपल्या मनातले त्या दोरीतून कुत्र्यापर्यंत पोहोचते.

आपल्या न्यायालयांनी ही सावधगिरी फार पूर्वीच बाळगली आहे. महाराष्ट्रातील रेल्वेच्या घातपाताचा एक खटला अब्दुल रझाक मुर्तझा दफेदार या नावाने १९७० च्या निकालसंग्रहात नोंदलेला आहे. पोलिसांच्या कुत्र्याने आरोपीला ओळखले, हा त्यातील एक पुरावा. सर्वोच्च न्यायालयाने त्या वेळी अशा पुराव्यावरचे आक्षेप नोंदविले. कुत्रा साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहून शपथ घेऊ शकत नाही, त्याची उलटतपासणी होत नाही, त्याच्या वतीने बोलतो तो त्याचा हस्तक. आणि माणसाचे जीवित व स्वातंत्र्य एका प्राण्याच्या तर्कावर टांगते ठेवणे योग्य नव्हे. मला हा विचार आजही ग्राह्य वाटतो. मात्र देह शोधणाऱ्या कुत्र्याची गोष्ट येथे थोडी निराळी आहे. माग काढणारा कुत्रा माणसाकडे बोट दाखवितो. हा कुत्रा जमिनीकडे दाखवितो. त्याचे म्हणणे खरे की खोटे, हे कुदळीला विचारता येते. माती उकरली आणि काही निघाले नाही तर कोणी फासावर जात नाही, फार तर दोन मजूर थकतात. साक्ष शेवटी कुत्र्याची नसते, सापडलेल्या देहाची असते.

आणि काही न निघणे हेही कधी कधी फार मोलाचे असते. ऑक्टोबर २०२२ मध्ये केरळच्या एलंथूर गावी दोन स्त्रियांचा नरबळी दिल्याचे प्रकरण उघडकीस आले, तेव्हा त्या आवारात आणखी कोणी पुरलेले आहे की काय, अशी भीती साऱ्या प्रांतात पसरली. माया आणि मर्फी यांना तेथे आणून फिरविण्यात आले. त्यांनी दाखविलेल्या जागा खणून पाहिल्या. आणखी देह मिळाला नाही. ज्या घरांतील स्त्री बेपत्ता होती त्या घरांना त्या शोधाने सुख दिले नसेल. तरी एक दार बंद झाले. हीच कुत्री ३० जुलै २०२४ च्या दरडीनंतर वायनाडच्या चिखलात उतरली. २२ फेब्रुवारी २०२५ रोजी तेलंगणातील श्रीशैलम प्रकल्पाचा बोगदा ढासळून आठ कामगार आत अडकले, तेव्हा तेथेही केरळची कुत्री नेली. मार्च महिन्यात दोन देह बाहेर काढता आले. एप्रिलच्या अखेरीस शोध थांबविण्यात आला, तेव्हा सहा जण आतच होते.

येथे व्यवहारी मनुष्य विचारील, आणि त्याने विचारावेच, की प्राण गेलेल्यासाठी हा खटाटोप कशाला? बोगद्यात उतरणाऱ्या जिवंत जवानाचा जीव धोक्यात घालून मेलेल्याला वर काढण्यात कोणता न्याय? तो पैसा जिवंतांच्या पुनर्वसनाला का लावू नये? हा आक्षेप निर्दय नाही. आत्मा गेला, देह माती झाला, असे भजनात आपणही म्हणतोच.

या आक्षेपाचे उत्तर शोधताना मला नाशिकचाच एक माणूस आठवतो. गुलामांच्या जहाजांतून सोडविलेल्या आफ्रिकी मुलांना येथील शरणपूरच्या मिशन वसाहतीत आणून शिकविले जात असे. त्यांतीलच जेकब वेनराइट. डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्या मदतीला १८७२ साली जी तुकडी पाठविण्यात आली, तीत तो आणि नाशिकचे इतर काही तरुण होते. १८७३ च्या मे महिन्याच्या आरंभी मध्य आफ्रिकेतील चितांबो गावी लिव्हिंग्स्टन यांचे निधन झाले. तेथेच पुरून मोकळे होणे सोपे होते; कोणी दोष दिला नसता. त्या माणसांनी त्यांचे हृदय एका झाडाखाली पुरले, वेनराइटने प्रार्थना वाचली. मग देह मिठाने व उन्हाने सुकवून, झाडाच्या सालीत गुंडाळून त्यांनी खांद्यावर घेतला आणि दीड हजार किलोमीटरांहून अधिक वाट तुडवीत समुद्रकिनारा गाठला. वाटेत टाबोरा येथे कॅमेरॉन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने त्यांना देह येथेच पुरा असे सुचविले. त्यांनी नकार दिला. किनाऱ्यावर पोहोचायला १८७४ चा फेब्रुवारी उजाडला, आणि १८ एप्रिल रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेत तो देह ठेवला गेला, तेव्हा वेनराइट शवपेटीजवळ होता. ज्यांची स्वतःची माणसे गुलामांच्या वाटेवर कोठे पडली, कोणी पुरली की नाही, हे ज्यांना कधीच कळणार नव्हते, त्यांनी दुसऱ्याच्या देहाचे एवढे केले. त्यांनी मनाशी काय हिशेब केला, हे इतिहासात लिहिलेले नाही; पण तो खर्च आणि लाभ यांचा नव्हता, इतके खात्रीने म्हणता येते.

मृतांना मूठमाती देणे हे दयेच्या सात शारीरिक कृत्यांपैकी शेवटचे. पहिली सहा मत्तयच्या शुभवर्तमानात आहेत. सातवे ख्रिस्तसभेने तोबीताच्या ग्रंथावरून जोडले असे मानतात. परदेशात बंदिवान असलेला तोबीत राजाची आज्ञा मोडून रस्त्यावर टाकलेले आपल्या बांधवांचे देह उचलून पुरतो. त्यापायी त्याचे घरदार जाते. आणि याच ग्रंथात, साऱ्या पवित्र शास्त्रात विरळ अशी एक गोष्ट आहे: त्याचा मुलगा तोबियास देवदूताबरोबर प्रवासाला निघतो तेव्हा घरचा कुत्राही त्यांच्या मागून चालू लागतो. ग्रंथकार त्याचे कारण सांगत नाही. कुत्र्यांविषयी पवित्र शास्त्र एरवी फार चांगले बोलत नाही, पण मृतांना पुरणाऱ्या या घराच्या वाट्याला मात्र ते त्याला सोबती म्हणून देते.

अरिमथाईचा योसेफ पिलाताकडे गेला, तोही एक देह मागण्यासाठीच. मरिया मग्दालिया पहाटे कबरेकडे गेली ती पुनरुत्थान पाहायला नव्हे. देह तेथे नाही हे पाहून ती रडली आणि जो भेटला त्याला माळी समजून तिने देह कोठे ठेवला एवढेच विचारले. देहाविषयीची तिची ही ओढ अज्ञानाची होती असे प्रभूने तिला कोठेही सुनावलेले नाही.

तेव्हा मृताचे काही देणे आपल्याकडे लागते, असे मी मानतो. ते जिवंतांच्या देण्याहून मोठे नाही. जवानाचा जीव जात असेल तर मृताने थांबावे. ढिगाऱ्याखाली कोणी श्वास घेत असेल तर आधी त्याच्याकडे धावावे. पण ते शून्यही नाही, आणि ते कोणी परस्पर माफ करून टाकावे असेही नाही.

आपल्या सह्याद्रीत हा प्रश्न पुस्तकी राहिलेला नाही. ३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव डोंगराखाली गेले; दीडशेच्या वर माणसे मेली. २२ जुलै २०२१ रोजी महाडजवळ तळीये येथे दरड कोसळली; चार दिवसांनी शोध थांबला तेव्हा ३१ माणसे मातीखालीच होती. देहांची जी अवस्था होऊन हाती येत होते ती पाहून नातलगांनीच आता पुरे म्हटले. आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या कुशीतील ठाकरांची इर्शाळवाडी. वर मोटार जाणारा रस्ता नाही, म्हणून यंत्रे चढली नाहीत. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान कुत्र्यांसह पायवाटेने चिखल तुडवीत वर गेले आणि कुदळ-फावड्याने खणत राहिले. २३ जुलैला शोध थांबविला तेव्हा २७ देह मिळाले होते व ५७ जण बेपत्ता होते. पाऊस थांबत नव्हता, डोंगर पुन्हा सुटण्याची भीती होती. थांबण्याचा निर्णय चुकीचा होता असे मी घरी बसून म्हणणार नाही.

परंतु एक गोष्ट टोचत राहते. ज्या वाडीला जिवंतपणी रस्ता मिळाला नाही, तिला मृत्यूनंतर यंत्र मिळाले नाही, कारण रस्ता नव्हता. कोण किती काळ शोधला जाईल, हे त्याच्या मृत्यूपूर्वीच बरेचसे ठरलेले असते. जंगल-डोंगरांतून मजुरीला गेलेली आणि परत न आलेली माणसे किती. त्यांच्यासाठी कोणत्या पथकाचा कुत्रा निघतो? कुत्र्याच्या नाकाला गरीब-श्रीमंत कळत नाही. त्याला गाडीत कोणासाठी बसवायचे, हे मात्र माणूस ठरवितो.

देह न मिळाल्याचे दुःख नुसते मनाचेही नसते. सात वर्षे ज्याचा पत्ता लागला नाही तो मृत मानावा, हा १८७२ च्या पुरावा कायद्यातील नियम १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यातही कायम आहे. उत्तराखंडात २०१३ च्या प्रलयानंतर व २०२१ च्या चमोलीच्या आपत्तीनंतर मृत्यूचा दाखला लवकर देण्याची खास व्यवस्था करण्यात आली. मोठ्या आपत्तीत अशी व्यवस्था होते. एकटादुकटा बेपत्ता झाला तर त्याची बायको सात वर्षे सधवाही नसते आणि विधवाही नसते. बँकेत, तलाठ्याकडे, विम्याच्या कचेरीत तिला तेच ते पुन्हा सांगावे लागते. आणि ज्याचा खून झाला त्याचा देह मिळाला नाही तर गुन्हा शाबीत करता येत नाही असे नाही. पण ते फार कठीण होते, आणि मारणाऱ्याला ते ठाऊक असते. म्हणूनच तो देह लपवितो.

या साऱ्यात कुत्र्याला काय वाटते? त्याच्यासाठी हा खेळ आहे. वास सापडला की हस्तक त्याला चेंडू देतो, पाठ थोपटतो, तो शेपटी हलवितो. आणि दहा पावलांवर कोणाची तरी आई उभी असते. प्रथम ऐकले तेव्हा मला हे चमत्कारिक वाटले होते. आता वाटते की, शोकाचा भार त्याच्यावरही टाकावा असा आग्रह आपण का धरावा? न्यूयॉर्कच्या २००१ च्या ढिगाऱ्यात जिवंत माणसे शोधायला शिकविलेल्या कुत्र्यांना दिवसचे दिवस कोणी जिवंत मिळेना, तेव्हा ती मलूल झाली. मग त्यांच्यासाठी स्वयंसेवक मुद्दाम ढिगाऱ्यात लपून राहत आणि कुत्र्यांकडून स्वतःला शोधवून घेत. केरळातीलच पेट्टिमुडी येथे ऑगस्ट २०२० मध्ये दरड कोसळली, तेव्हा ‘कुवी’ नावाची एक गावठी कुत्री आठवडाभर भटकत राहिली आणि शेवटी नदीत अडकलेल्या, आपल्याबरोबर खेळणाऱ्या दोन वर्षांच्या मुलीच्या देहापाशी जाऊन थांबली. तिला कोणी शिकविले नव्हते, चेंडूही दिला नव्हता. शिकविलेले कुत्रे आणि कुवी यांत फरक आहे. पण दोघांचेही थांबणे आपल्या उपयोगी पडते.

शिकविलेल्या कुत्र्यांचे हस्तक आणखी एक गोष्ट सांभाळतात. दिवसभर हिंडूनही काही मिळाले नाही, तर संध्याकाळी ते सरावाचा एखादा नमुना जवळपास लपवितात आणि कुत्र्याला तो शोधू देतात. त्याने हताश होऊन परतू नये, उद्या पुन्हा त्याच उमेदीने निघावे, म्हणून. दरडीच्या कडेला बसून राहिलेल्या माणसांना अशा संध्याकाळी काय द्यावे, याचा शिरस्ता मात्र आपल्याकडे अजून पडलेला नाही. निदान कोणा अधिकाऱ्याने रोज दिवस मावळताना त्यांच्यापाशी येऊन बसावे. आज कोठे शोधले, कुत्रा कोठे थांबला, तेथे काय निघाले आणि उद्या कोठे खणणार हे सांगावे. आणि कोठे शोधलेलेच नाही, तेही.